गवतासाठी पैसा कोण देणार?

कडबनवाडीचा माळ पाहायला लोक आता पैसे मोजून येतात. इंदापूर तालुक्यातलं हे गाव आणि शेजारच्या बारामती तालुक्यातलं शिर्सुफळ, या दोन ठिकाणी पुणे वन विभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. ऑनलाइन नोंदणी, ठरलेला मार्ग, गावातलेच प्रशिक्षण घेतलेले तरुण वाटाडे आणि मिळकतीतला वाटा गावाकडे, अशी तिची रचना आहे. इथे वाघ नाही, धबधबा नाही आणि दाट झाडी तर मुळीच नाही. नशिबात असेल तर लांडगा दिसतो. नसेल तर चिंकारा, खोकड, धाविक, पखुर्डीचे थवे आणि थंडीत परदेशातून आलेले भोवत्या जातीचे शिकारी पक्षी दिसतात. बाकी क्षितिजापर्यंत पिवळं पडत चाललेलं गवत.

सरकारी दप्तराने पिढ्यान्‌पिढ्या पडीक म्हणून बाजूला टाकलेली ही जमीन. ती बघायला कोणी पैसे देतो, ही घटना लहान असली तरी तिच्यामागचा प्रश्न मोठा आहे. बिघडलेला निसर्ग पुन्हा उभा करायला पैसा लागतो. तो कुठून येतो, कोणत्या अटींवर येतो आणि त्या अटी पुढे जमिनीचं काय करतात? गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगात हा प्रश्न सर्वांत जोरात विचारला गेला तो समुद्रकिनाऱ्यांबद्दल: कांदळवनं, प्रवाळ आणि उथळ पाण्याखाली पसरलेली सागरी गवताची कुरणं. बारामती-इंदापूर समुद्रापासून दीडशे किलोमीटरहून जास्त आत. तरीही किनाऱ्यावरचा अनुभव या माळाला थेट लागू पडतो, कारण दोन्हीकडे दुर्लक्ष झालंय ते गवताकडेच.

आधी समुद्राकडे पाहू. सागरी गवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळं असतात, फुलं येतात, बी धरतं. त्याच्या कुरणात माशांची पिल्लं वाढतात, कासवं आणि समुद्रगाई चरतात, आणि त्याची मुळं तळाच्या चिखलात कार्बन धरून ठेवतात. भारतात अशा कुरणांचं मोजलेलं क्षेत्र सुमारे ५१७ चौरस किलोमीटर आहे. त्यातला मोठा हिस्सा तमिळनाडूच्या पाल्कच्या सामुद्रधुनीत आणि मन्नारच्या आखातात येतो. आपल्या सिंधुदुर्गाच्या खाड्यांमध्येही त्याचे लहान लहान पट्टे आहेत. पाल्कच्या उपसागरात बांबूच्या चौकटींवर काथ्याच्या दोऱ्या ताणून, त्यांना गवताचे कोंब बांधून, त्या चौकटी तळाशी ठेवण्याचे प्रयोग झाले. तिथेच २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने ४४८ चौरस किलोमीटरचं, समुद्रगाईसाठीचं देशातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं.

या क्षेत्रातलं सर्वांत मोठं यश अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या किनाऱ्यावरचं. १९३० च्या दशकात रोग आणि वादळाने तिथल्या खाऱ्या सरोवरांतलं गवत साफ झालं होतं. शास्त्रज्ञ आणि स्वयंसेवकांनी वीस वर्षांत सात कोटींहून जास्त बिया पेरल्या. पेरलेलं क्षेत्र दोनशे हेक्टरांच्या थोडं वर होतं. गवत पसरलं ते साडेतीन हजार हेक्टरांहून जास्त जागेत. पाणी स्वच्छ होतं, बी स्थानिक होतं आणि पैसा देणाऱ्यांनी वीस वर्षं दम धरला. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. यातली तिसरी सर्वांत दुर्मीळ.

आता माळाकडे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसात, मुरमाच्या पातळ थरावर जे उगवतं ते असं: कुसळी, मारवेल, पवन्या, डोंगरी यांसारखी गवतं आणि मधूनमधून हिवर, बोर, बाभूळ, तरटी, हेंकळ. ‘कधीकाळी इथे घनदाट जंगल होतं, माणसाने तोडलं, म्हणून माळ उरला’ ही समजूत शाळेच्या पुस्तकांपासून वृक्षारोपणाच्या भाषणांपर्यंत सगळीकडे आहे. तिला अलीकडे चांगलाच धक्का बसला. वनस्पतिशास्त्रज्ञ आशिष नेर्लेकर आणि पुण्याचे अभ्यासक दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुनं मराठी वाङ्मय, ओव्या आणि लोककथा चाळल्या. तेराव्या शतकापासूनच्या या मजकुरात पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागाचं जे वर्णन येतं, ते बहुतांशी उघड्या माळाचं, काटेरी झाडांचं आणि गवताचं आहे. म्हणजे हा माळ किमान साडेसातशे वर्षांचा. जंगल तोडून उरलेली ही जागा नसून तो एक स्वतंत्र, जुना निसर्ग आहे.

आणि तो एकदा मोडला की लवकर परत येत नाही. नेर्लेकर यांनीच २०२० मध्ये जोसेफ वेल्डमन यांच्यासह जगभरच्या गवताळ प्रदेशांचा आढावा घेतला होता. नांगर फिरलेल्या किंवा झाडांखाली दबलेल्या जमिनीवर गवत पुन्हा दिसतं, पण जुन्या माळावरच्या वनस्पतींची विविधता परत यायला किमान शंभर वर्षं लागतात, बहुधा त्याहून कितीतरी जास्त, असा त्यांचा निष्कर्ष होता. व्हर्जिनियाचं यश वीस वर्षांत आलं म्हणून माळावरही तसंच होईल, असं धरून चालता येत नाही. कंद, बहुवर्षायू मुळं, मुरमातल्या बारीक वनस्पती यांची पुन्हा पेरणी करणं कोणालाच पूर्णपणे जमलेलं नाही. त्यामुळे इथे पहिला खर्च उरलेला माळ राखण्यावर व्हायला हवा आणि दुसरा बिघडलेला सुधारण्यावर. आज हा क्रम उलटा आहे.

माळ मोडतो तो दोन मार्गांनी. पहिला पाण्याचा. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास आला आणि बारामतीचा बागायती पट्टा उभा राहिला. पुढे उजनी धरण आलं, उपसा सिंचन आलं, शेततळी आली. आता मुरमाचा माळ पोकलेनने फोडून, वर गाळाची माती आणून टाकून, त्यावर डाळिंब किंवा ऊस घेता येतो. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर त्यात गैर काही नाही. जिरायती पट्ट्यातल्या माणसाने किती पिढ्या बागायतीकडे नुसतं बघत बसायचं? पण त्याच्या सातबाऱ्यावरची ही निवड वनखात्याच्या जमिनीवर लादायची गरज नव्हती. आणि तिथेच दुसरा मार्ग सुरू होतो, झाडांचा.

राज्याने २०१६ ते २०१९ या चार वर्षांत वृक्षलागवडीची मोहीम घेतली. लक्ष्य अनुक्रमे २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी रोपांचं. इतकी रोपं लावायला मोकळी जागा लागते आणि कोरड्या तालुक्यांत मोकळी जागा म्हणजे माळ. सामाजिक वनीकरणाच्या काळापासून माळांवर सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावलं गेलंच होतं. वेडी बाभूळ तर आपणहून पसरली. गिरिपुष्पाच्या दाट ओळींखाली गवत खुरटतं. गवतावर जगणारे लावे, चंडोल, धाविक तिथून निघून जातात. चिंकाऱ्याला दूरवर बघता येणारी मोकळी नजर लागते, ती जाते.

हे कोणाच्या दुष्टाव्याने झालेलं नाही. पैशाचं माप झाडाचं होतं, म्हणून झालं. भरपाई वनीकरण निधीचा कायदा २०१६ चा; २०१९ मध्ये केंद्राने त्याखालचे सुमारे ४७ हजार ४०० कोटी रुपये राज्यांना दिले आणि त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ३ हजार ८४४ कोटी आले. निसर्गसंवर्धनासाठी एका वेळी इतका पैसा राज्याने क्वचितच पाहिला असेल. पण कायद्याचं नावच वनीकरण. त्यातून गवताची कामं होऊ शकतात, थोडी झालीही आहेत. तरी मुख्य वाट रोपांकडे जाते, कारण खड्डे मोजता येतात, रोपं मोजता येतात आणि मोजमाप पुस्तिकेत आकडा भरता येतो. गवताचा आकडा कोणत्या रकान्यात भरायचा?

केंद्राची ग्रीन क्रेडिट योजना ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, तेव्हा हीच गोष्ट आणखी स्पष्ट झाली. फेब्रुवारी २०२४ च्या पद्धतीत एका झाडाला एक क्रेडिट आणि हेक्टरी किमान १,१०० झाडं अशी अट होती. बरीच टीका झाल्यावर २०२५ मध्ये नियम बदलले. आता पाच वर्षांनी झाडं जगली की नाही ते पाहून आणि किमान ४० टक्के छत्र झालं असेल तर क्रेडिट मिळणार. जंगलासाठी ही सुधारणा चांगली आहे. माळासाठी ती आधीपेक्षा वाईट ठरू शकते. कडबनवाडीच्या माळावर ४० टक्के झाडांचं छत्र उभं राहिलं, तर लांडगा, चिंकारा आणि पखुर्डी तिथून गेलेले असतील आणि कागदावर ती जमीन सुधारलेली असेल.

देशाच्या पातळीवरचं चित्रही असंच आहे. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी २०२२ मध्ये भारतातल्या अर्धशुष्क मोकळ्या नैसर्गिक प्रदेशांचा नकाशा प्रसिद्ध केला. देशाच्या जमिनीचा जवळजवळ दहावा हिस्सा अशा प्रदेशांचा आहे. त्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक जमिनीवर सरकारी नकाशात पडीक असा शिक्का आहे आणि संरक्षित क्षेत्रात पाच टक्केही येत नाही. बारामती तालुक्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, १९९७ मध्ये चिंकाऱ्यासाठी जाहीर झालेलं, पाच चौरस किलोमीटरच्या थोडं वर आहे. भीमेपलीकडे कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य सव्वादोन चौरस किलोमीटरही नाही. लांडग्यांच्या एका कळपाला लागणारा मुलूख शंभर-दोनशे चौरस किलोमीटरांचा असतो. तेव्हा इथला लांडगा अभयारण्यात राहत नाही. तो वनखात्याच्या तुकड्यांमधून, गायरानातून, शेतांच्या बांधावरून फिरत राहतो. भारतात असे लांडगे सुमारे तीन हजारच उरले आहेत.

तो खातो काय? मुख्यतः मेंढ्या आणि शेळ्या. इथे माळाच्या अर्थकारणातलं सर्वांत महत्त्वाचा माणूस येतो, तो म्हणजे धनगर. पावसाळ्यात माळावर चराई, दसरा-दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरता तळ, उचलून सह्याद्री उतरून कोकणात, भातकापणी झालेल्या शेतांत मेंढ्या बसवायच्या, त्या लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि पावसाआधी परत फिरायचं. माळाचं गवत आणि कोकणची भातशेती यांना जोडणारी ही व्यवस्था कोणत्याही योजनेने उभी केलेली नाही आणि कोणत्याही अनुदानाशिवाय शतकानुशतकं चालली. रात्री वाघरीत, म्हणजे जाळीच्या कोंडवाड्यात, ठेवलेल्या मेंढ्यांवर लांडगा येतो, एखादं कोकरू नेतो. धनगर त्याला शिव्या देतो, कुत्री सोडतो, पण बऱ्याच वाड्यांवर तो नुकसानीचा हिशेब धरलेलाच असतो. लांडगा इथे टिकला याचं श्रेय आधी या माणसांना द्यायला हवं.

त्यांना मिळालं काय, तर चराईबंदी. रोपं लावली की तारेचं कुंपण किंवा चर येतो, मग कळप उरलेल्या तुकड्यांवर दाटतात, तिथलं गवत मुळापर्यंत खाल्लं जातं आणि दोष मेंढीवर येतो. लक्षद्वीपमध्ये पाण्याखाली नेमकं हेच घडल्याचं शास्त्रज्ञांनी नोंदवलंय. तिथे हिरव्या कासवांची संख्या काही खाजणांमध्ये इतकी दाटली की सागरी गवताची कुरणं उजाड झाली आणि माशांवरही परिणाम झाला. कासव हा काही गवताचा शत्रू नव्हे. हजारो वर्षं ते तिथे चरत आलंय. एका जागी, विसावा न देता झालेल्या चराईने कुरण मोडलं. फिरत्या कळपात हा विसावा आपोआप मिळतो. म्हणून माळाच्या पुनर्स्थापनेत धनगराची ये-जा राखणं हे ठोंबं लावण्याइतकंच खरं काम आहे. एकदा बंद केलेला माळ कायम बंदच ठेवायचा, या सवयीतून बाहेर यायला हवं. दोन-तीन वर्षं विसावा, मग मोजकी चराई, मग पुन्हा विसावा, हे गावाशी आणि वाड्याशी बोलून ठरवता येतं. हिवरे बाजारने चराईबंदीबरोबर गवत कापून नेण्याची मुभा दिली, तेव्हा ती बंदी लोकांनी पाळली. नुसत्या कुंपणाने ती पाळली गेली नसती.

पैसा माणसापर्यंत पोहोचवायचं गणित महाराष्ट्राच्या किनाऱ्याला आधी सापडलं. राज्याने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन केला. २०१५ मध्ये त्याच्या जोडीला कांदळवन प्रतिष्ठान आलं. कांदळवनांना उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आणि नंतर २०१८ च्या आदेशांचं संरक्षण होतं. त्यामुळे पूल, रस्ता किंवा वीजवाहिनीसाठी ती तोडायची झाल्यास परवानगी आणि मोबदला दोन्ही लागले, आणि त्या पैशातून कायमचा निधी उभा राहिला. २०१७ पासून किनाऱ्यावरच्या गावांना खेकडापालन, शोभिवंत मासे, कालवं यांसाठी मोठं अनुदान मिळू लागलं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. २०१८ पासून, जाळ्यात अडकलेलं संरक्षित कासव किंवा देवमासा सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. हरित हवामान निधीने २०१८ मध्ये मंजूर केलेल्या ४ कोटी ३४ लाख डॉलरच्या अनुदानात महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशाचे किनारे आहेत आणि त्याच्या कामांच्या यादीत सागरी गवतही आहे.

जाळं कापल्याची भरपाई ही यातली सर्वांत शहाणपणाची योजना. नुकसान कोणाचं झालं, हे तिला नेमकं कळलं. लांडग्याने मारलेल्या मेंढीचीही भरपाई राज्यात मिळते. लांडगा, तरस, कोल्हा यांची नावं त्या यादीत आहेत. पण पंचनामा, ठरावीक मुदतीत खबर, मेलेल्या जनावराचे अवशेष, बँकेचं खातं या सगळ्या अटी एका जागी राहणाऱ्या शेतकऱ्याला धरून केलेल्या आहेत. आज शिर्सुफळला आणि चार दिवसांनी पुरंदरला असलेल्या वाड्याने त्या पाळायच्या कशा? रात्री लांडग्याने नेलेलं कोकरू तर सापडतही नाही. भरपाईची रक्कम वाढवण्यापेक्षा ती वाड्यापर्यंत चालत जाणं जास्त गरजेचं आहे: मोबाइलवरचा फोटो, वनरक्षकाची एक भेट आणि आठवड्यात पैसे.

माळाला कांदळवनासारखं कायद्याचं कवच नाही, म्हणून मोबदलाही नाही. एखादा प्रकल्प माळ घेतो तेव्हा त्याच्या जागी झाडं लावण्याचा पैसा भरला जातो आणि ती झाडं बहुधा दुसऱ्या कुठल्या माळावर लावली जातात. एका नुकसानीतून दुसरं नुकसान होतं. नियोजन आयोगाच्या गवताळ प्रदेश आणि वाळवंटांवरच्या कार्यगटाने २००६ मध्येच राष्ट्रीय चराई धोरणाची शिफारस केली होती. वीस वर्षं होत आली, ते धोरण अजून आलेलं नाही. आशेची एक जागा राज्यात आहे. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मान्य केलेल्या महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाच्या १७२ कोटींत सागरी जैवविविधता आणि गवताळ, झुडपी व चराऊ जमिनींची जैवविविधता, असे दोन्ही विषय शेजारी बसले आहेत. सरकारी कागदावर माळाला पडीकऐवजी जैवविविधता म्हटलं गेलं, हीसुद्धा कमाईच.

कार्बन बाजाराकडून काही येईल का? सागरी गवतासाठी कार्बन मोजण्याची मान्य पद्धत २०१५ पासून आहे, आणि माळावरही कार्बन बहुतांश जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असल्यामुळे तो वणव्याने किंवा दुष्काळाने सहजी जात नाही. पण उत्तर केनियातला अनुभव सावध करणारा आहे. तिथे गुराख्यांच्या चराईत बदल करून मातीत कार्बन वाढवल्याचा दावा करणारा मोठा प्रकल्प उभा राहिला, कंपन्यांनी क्रेडिट विकत घेतली. २०२३ मध्ये प्रमाणन संस्थेने तो तपासणीसाठी थांबवला, आणि जानेवारी २०२५ मध्ये इसिओलोच्या न्यायालयाने लोकांना न विचारता तिथली संवर्धन क्षेत्रं उभारल्याचं म्हणत त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. इथे तसं काही करायचं म्हटलं, तर मातीतला कार्बन वनखात्याचा, गावाचा की वर्षातले चार महिने चरणाऱ्या वाड्याचा, हे आधी ठरवावं लागेल. ते ठरल्याशिवाय कोणा दलालाने गावात आणलेल्या करारावर सही करू नये.

सफारीचा पैसा यापेक्षा साधा आणि खरा आहे. गावातल्या पोराला माळ दाखवून रोजगार मिळतो, तेव्हा तो माळावर ट्रॅक्टर चढवणाऱ्याला अडवतो. पुण्याची द ग्रासलँड्स ट्रस्ट ही संस्था वन विभागाबरोबर इथे लांडग्यांचा अभ्यास आणि गावांशी संवाद असं काम करते, त्यामुळे सफारीमागे थोडं शास्त्रही आहे. मात्र लांडग्याची पिल्लं होतात ती हिवाळ्यातच, पर्यटकांच्या हंगामात. गुहेच्या आसपास गाड्या आणि कॅमेरे जमले तर हाच पैसा नुकसान करील. शिवाय गावचा वाटा गावात राहतो. त्या माळावरून फिरत जाणारा धनगर गावच्या समितीत नसतो, म्हणून लांडग्याला प्रत्यक्ष पोसणाऱ्याच्या हातात त्यातला रुपयाही पडत नाही. ही उणीव भरून काढता येण्यासारखी आहे.

पैशाची सर्वांत तातडीची गरज तर कोणत्याच पत्रकात दिसत नाही: कुत्री. पुण्याजवळच्या गवताळ भागात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर २०२३ मध्ये जनुकीय तपासणीने सिद्ध झाला. कोंबड्यांचा कचरा, मेलेली जनावरं, हॉटेलांचं उरलेलं अन्न यांवर भटकी कुत्री वाढतात, रोग पसरवतात आणि लांडग्याची जात पातळ करतात. लसीकरण, नसबंदी आणि कचऱ्याची विल्हेवाट या ग्रामपंचायतीच्या कामांवर केलेला खर्च माळावर हजार रोपं लावण्यापेक्षा लांडग्याला अधिक उपयोगी पडेल.

इंदापूर तालुक्याच्या उत्तर कडेला पाण्याच्या बाजूचीही एक गोष्ट आहे. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, भीमाकाठची गावं बुडाली. पळसदेवचं जुनं मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरलं की अजूनही वर येतं. त्या फुगवट्यात भिगवण, कुंभारगाव, डिकसळ इथे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या चिखलावर फ्लेमिंगो येतात. मच्छीमारांनी होड्या पर्यटनाला लावल्या, घरगुती जेवण सुरू केलं, चिलापीच्या कालवणाला पुण्याहून गिऱ्हाईक येऊ लागलं. कोणत्याही निधीशिवाय हे उभं राहिलं. पण भिगवणला पक्ष्यांमधून जो पैसा मिळतो त्यातला पक्ष्यांच्या जागेवर परत काहीच जात नाही, कारण पाणी जलसंपदा खात्याचं, मासे मत्स्यव्यवसायाचे, पक्षी वनखात्याचे आणि जबाबदारी कोणाचीच नाही. वडाप जाळ्यांनी बोटाएवढी पिल्लं ओढली जातात, त्याविरुद्ध मच्छीमारच ओरडतात.

उजनीच्या आरोग्यावरचा सर्वांत मोठा खर्च तर उजनीपासून शंभर किलोमीटर वर, पुण्यात व्हायचा आहे. जपानच्या अर्थसाहाय्याने मंजूर झालेला मुळा-मुठेच्या शुद्धीकरणाचा ९९० कोटींचा प्रकल्प २०१६ मध्ये करारबद्ध झाला. ११ सांडपाणी केंद्रं त्यात आहेत. पुण्याच्या नळाचं पाणी जेवढं वापरलं जातं, त्यातलं मैल्यासह बरंच भीमेतून इथेच पोहोचतं. पुणे महापालिकेने हा प्रकल्प नुसता पुण्याच्या नदीकाठासाठी आहे असं समजू नये. कुंभारगावच्या मच्छीमाराचं घर त्यावर अवलंबून आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ कुरणं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय. बारामती आणि इंदापूरसाठी त्याचा उपयोग करून घ्यायचा तर मागण्या साध्या आहेत. पुणे वन विभागाच्या कार्य आयोजनेत उरलेल्या माळांची गवताळ प्रदेश म्हणून नोंद व्हावी आणि तिथे नवी रोपवनं बंद व्हावीत. भरपाई वनीकरण निधीतून गिरिपुष्प काढणं, स्थानिक गवताचं बी गोळा करणं आणि वाड्यांशी चराईचे करार करणं ही कामं मोजमापात धरली जावीत. सफारीच्या मिळकतीतला एक हिस्सा धनगरांच्या मेंढ्यांच्या लसीकरणासाठी राखावा. आणि येत्या जुलैत एखादी कंपनी किंवा शाळा रोपं घेऊन माळावर आली, तर गावकऱ्यांनी त्यांना चहा पाजावा, रोपं गावठाणात, रस्त्याकडेला, शेताच्या बांधावर लावायला न्यावं आणि माळासाठी पवन्या-मारवेलचं बी मागावं.